दुसऱ्या मजल्यावरची घावनं

सलीमभाईंचा फोन आला तेव्हा मी द्रोणागिरीच्या गोदामात आलेल्या मालाची नोंद करत होते. "वनिता, तुझी आपा गेली," एवढंच ते म्हणाले आणि फोन तसाच चालू राहिला. मागून बायकांचे आवाज येत होते, कुणीतरी पाणी मागत होतं... मी "येते" म्हटलं. शुक्रवार होता. दुपारच्या नमाजानंतर तिला न्यायचं होतं. मी पनवेलला खांदा कॉलनीत तिच्या घरी पोचले तोवर तिला जिन्यावरून खाली नेलं होतं. खैरून आपाच्या घरी मी राहायला गेले तेव्हापासून, दवाखाना सोडला तर, तो जिना ती क्वचितच उतरली असेल. आज तिला जाऊन सहा आठवडे झाले.

आमचं गाव उरणकडचं, खाडीकाठचं. वडील मिठागरावर राबायचे आणि पावसाळ्यात आपाच्या सासऱ्यांच्या तांदळाच्या दुकानात मापाडी म्हणून जायचे. माझ्याआधी घरात कुणी दहावीपलीकडे गेलं नव्हतं. पनवेलच्या कॉलेजात माझं नाव घातलं खरं, पण गावाहून रोजचं येणं-जाणं जमेना. तेव्हा आपानं निरोप पाठवला की पोरीला माझ्याकडे ठेवा, अम्मांना उचलायला चार हात लागतात आणि माझे दोनच आहेत. गावात कुजबुज झाली. चुलते वडिलांना म्हणाले, "पोरीला मुसलमानाचे घरात ठेवतोस?" वडील म्हणाले, "तिथं तिला टेबल हाय, दिवा हाय, दोन वेलचं जेवान हाय. तुज्याकडं हाय का?" मी पदवीधर झाले ती त्या टेबलावर. हे उपकार मी फेडू शकले नाही, आणि फेडायची एक संधी आली तेव्हा काय केलं, तेच सांगायला आज बसले आहे.

अम्मा म्हणजे आपाची सासू. अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली होती. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागे, नाहीतर पाठीला जखमा होत. सलीमभाई, म्हणजे आपाचे यजमान, मस्कतला एका हॉटेलात कामाला होते आणि दोन वर्षांतून एकदा येत. उरणला दिलेली नणंद महिन्यातून एकदा यायची, खुर्चीच्या कडेला बसायची, "भाभी, तू आहेस म्हणून आम्हाला घोर नाही गं," म्हणायची आणि निघायची. तिच्या पाठीमागे दार लावताना आपा मला डोळा मारायची. "ऐकलंस? माझी तारीफ झाली. आता अजून एक महिना पक्का."

ते पुस्तक सलीमभाईंनी एका सुट्टीत आणलं. कुणी पाहुणा हॉटेलच्या खोलीत विसरून गेला होता. व्हिएतनामच्या रस्त्यांवरचं खाणं घरी कसं करायचं, याचं इंग्रजी पुस्तक, पानोपानी रंगीत फोटो. आपाला इंग्रजी येत नव्हतं. मला येत होतं ते परीक्षेपुरतं. तरी अम्मांच्या दोन कुशींच्या मधल्या वेळात मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून, मांडीवर शब्दकोश ठेवून वाचायची आणि ती हात चालवायची. पहिल्याच पदार्थात डुकराचं मांस आलं. मी खाकरून पुढे सरकले. तिनं ओळखलं. "लिहिलंय तर लिहिलंय, बेटा. वाचल्यानं तोंड खराब होत नाही. तेवढी कोळंबी वाढव." तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, हळद, पातळ भिजवून कडक तव्यावर ओतायचं, आत कोळंबी घालून घडी करायची. नाव मला धड वाचता येईना. आपानं तव्यातून पहिलं काढलं, हातात धरून पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हे तर घावन! एवढ्या लांब जाऊन लोक घावनच खातात?"

त्यात मोड आलेली कडधान्यं घालायची होती. मी सरळ अर्थ लावला आणि सांगितलं, वाल. आम्ही दोघींनी वाल भिजवले, मोड काढले, एकेक सोलून चांगलं बिरडं केलं आणि ते घावनात भरलं. नोकरीला लागल्यावर मुंबईतल्या एका हॉटेलात मी ती लांब, पांढऱ्या मोडांची मुगाची जुडी पाहिली आणि कपाळाला हात लावला. आपाला सांगितलं तर ती म्हणाली, "त्यांना वाल मिळत नसतील बिचाऱ्यांना." पुस्तकात सोबत माशाचं खारट पाणी सांगितलं होतं, त्यासाठी आईनं गावाहून सुका जवळा आणि मिठागरातलं जाडं मीठ पाठवलं. ती बरणी खिडकीत उन्हाला ठेवली आणि चौथ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी गॅसगळती समजून वर आले. आपानं त्यांना दारातच घावन खायला दिलं. त्यांनी दुसरं मागितलं.

पण पदार्थ शिकून झाला तरी ती पुस्तक मिटायची नाही. फोटोंत फूटपाथवर बुटक्या स्टुलांवर माणसं दाटीनं बसलेली असायची आणि मधोमध चूल घेऊन एखादी बाई. आपा त्या बाईकडे बघत राहायची. "ही बघ. हिच्यासमोर बसून खातायत. कोण कुठले ते हिला ठाऊक पण नाही, पण पहिला घास घेतल्यावर तोंड कसं होतं ते हिला दिसतं." आम्हा दोघींखेरीज तिचं खाणारं कोण होतं? अम्मांना पेज आणि खिमट. कधी नणंद, तीही घड्याळाकडे बघत. एवढं सुंदर रांधणाऱ्या बाईला खाणाऱ्यांचे चेहरे पाहायला मिळत नव्हते... तिला बाकी काही नको होतं.

माझं शेवटचं वर्ष संपलं त्या हिवाळ्यात सोसायटीनं आनंदमेळा ठरवला. संध्याकाळी पाच ते नऊ, खाली आवारात टेबलं, बायकांनी पदार्थ करून विकायचे. आपानं नाव दिलं. गेटजवळचं टेबल मिळालं. अम्मांपाशी थांबायला नणंदेनं नाही म्हटलं, मी हो म्हटलं. कार्डबोर्डवर मी रंगीत अक्षरांत 'व्हिएतनामी घावन' लिहून दिलं. तिनं मोतिया रंगाचा ड्रेस इस्त्री करून दाराच्या खिळ्याला लावून ठेवला. "चार तास, वनू. फक्त चार तास खाली." असं ती आठवडाभर म्हणत होती.

नेमकी त्याच दिवशी द्रोणागिरीला माझी मुलाखत निघाली, दुपारी दोनची. आपा म्हणाली, "जा, चारपर्यंत येशील." मुलाखत झाली साडेतीनला. मग तिथले साहेब म्हणाले की निवडलेल्या तिघांची संगणकावर चाचणी घेऊ, साडेपाचपर्यंत थांबा. पहिली नोकरी, घरातली पहिली पगाराची नोकरी... मी थांबले. पर्समध्ये मोबाइल होता, त्यात बॅलन्सही होता. मी फोन केला नाही. केला असता तर ती "थांब, बेटा" म्हणाली असती, आणि तिनं ते म्हणताना तिचा आवाज मला ऐकायचा नव्हता. नंतर मी सगळ्यांना सांगितलं की रस्त्यात कंटेनरच्या रांगेत अडकले. कंटेनरची रांग होती, हे खरं. पण मी तिथून निघालेच सहा वाजता.

साडेसातला गेटमधून आत आले. गेटजवळचं आमचं टेबल रिकामं होतं, त्यावर माझ्या अक्षरातला बोर्ड. गर्दी मात्र सगळी इमारतीखाली, माना वर करून. दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून भाजीची टोपली दोरीनं खाली येत होती आणि तिच्यात कागदात गुंडाळलेली गरम घावनं होती. "आपा, मला तिखट!" "ए, मी आधी उभा होतो!" "आपा, टोपलीत बसून तुम्हीच या आता!" सगळे हसत होते. मी जिना धावत चढले. मोतिया ड्रेस खिळ्यालाच होता. ती घामानं भिजलेली, एका हातात उलथनं, दुसऱ्या हातात दोरी. माझ्याकडे पाहून म्हणाली, "आलीस? आधी अम्मांची कूस बदलू." आम्ही कूस बदलली. मी म्हटलं, "आता जा खाली, दीड तास आहे अजून." ती म्हणाली, "पीठ संपलं." मग पलंगाच्या कडेला टेकून हळूच म्हणाली, "खाल्लं गं लोकांनी. पण वरून फक्त डोकी दिसतात."

नोकरी मला लागली. तिनं शेजारी पेढे वाटायला मलाच पाठवलं.

खरी शिक्षा पुढच्या वर्षी कळली. मी रजा टाकून आले, अम्मांपाशी बसले, तिला तयार केलं. तेवढ्यात सोसायटीच्या महिला मंडळातल्या बायका वर आल्या. "नाही हं आपा, तुम्ही वरच थांबायचं! पोरं टोपलीसाठी वाट बघतायत. टेबलं काय, सगळ्यांचीच असतात." आपा हसली आणि दुपट्टा काढून ठेवला. त्यानंतर दर वर्षी तेच झालं. ती कॉलनीत 'टोपलीवाली आपा' झाली. लोक तिचं मनापासून कौतुक करत, आणि तिनं खाली यावं असं त्यांच्यातल्या एकालाही वाटलं नाही. मी एका संध्याकाळी उशिरा आले म्हणून ती कायमची वर राहिली.

अम्मा गेल्या तेव्हा आपाचीच मूत्रपिंडं थकली होती. सलीमभाई कायमचे परत आले, पण तोवर जिना तिच्या दमाबाहेर गेला होता. शेवटचं भेटले ते एका रविवारी दुपारी. तिला पथ्य होतं, तरी म्हणाली, "कर ना, पुस्तकातलं." मी घावनं केली, बिरडं घालून. तिनं बोटाएवढा तुकडा खाल्ला आणि ताट माझ्याकडे सरकवलं. "तू खा. इथं, माझ्यासमोर बस." त्या दिवशी सांगायचंच असं मी ठरवून आले होते की त्या संध्याकाळी मी अडकले नव्हते, थांबले होते. शब्द अगदी ओठांवर होते. पण ती उशीला टेकून माझ्या तोंडाकडे असं टक लावून बघत होती... मी घास घेतला, मग दुसरा. सगळं ताट संपवलं. "छान झालंय?" तिनं विचारलं. मी मान हलवली. तिनं डोळे मिटले.

गेल्या आठवड्यात सेक्रेटरींचा फोन आला. यंदाचा मेळा आपाच्या आठवणीत करतायत. सलीमभाईंनी त्या संध्याकाळपुरतं घर वापरायला द्यायचं कबूल केलंय. "ताई, तुम्हाला ती घावनं येतात ना? त्याच खिडकीतून टोपली सोडाल का? पोरांना मजा येईल."

मी म्हटलं, "टेबल द्या."

"अहो, पण मजा टोपलीतच होती."

"तुम्हाला होती," मी म्हटलं.

मग त्यांनी विचारलं, "कुठलं टेबल लिहू?"

मी सांगितलं, गेटजवळचं. आणि समोर बुटकी स्टुलं ठेवा, जितकी मिळतील तितकी.