पुसलेली पानं

माझ्या आईला घाण खपत नाही. नवागामच्या आमच्या खोलीत तिने भांडी इतकी घासली, की ताटांवरची नावं गेली. घरी बसून साड्यांवर खडे चिकटवण्यात तिची उमर गेली आणि त्या गोंदाच्या वासाने छातीचा भाता झाला. उग्र वासापासून लांब राहा, असं डॉक्टर सांगायचे. सुरतेत राहून!

म्हणून चलथाणकडची ती नर्सरी आम्हाला देवासारखी पावली. मी तिथे पॅकिंगला होते, आईला क्रोटनच्या रोपांच्या शेडमध्ये चिकटवलं. जागा प्लास्टिकने बंद, पण तिथे औषध मारत नसत. पानांवर पिठ्या ढेकूण, म्हणजे रस शोषणारी पांढरी कीड, पडला, की मॅनेजर त्याला खाणारे भुंगेरे सोडायचा. आईला तिथे मोकळा श्वास यायचा. परतताना ती चक्क बडबड करायची.

मागच्या लग्नसराईत ती नात्यातल्या लग्नाला धुळ्याकडे गेली. नेमक्या तेव्हा मॅनेजरने भुंगेऱ्यांऐवजी त्यांच्या अळ्या सोडल्या. या अळ्या पांढऱ्या, पिंजलेल्या कापसासारख्या, थेट पिठ्या ढेकणासारख्याच दिसतात. हजर बायांना त्याने ते सांगितलं. आईला कोण सांगणार? ती आली, पांढरी पानं पाहून चिडली.

"मी नही तं शेडनी आशी गत?"

ओलं फडकं घेऊन तिने एकेक पान पुसून काढलं. करायला गेलो काय आणि उलटे झाले पाय! अळ्या सगळ्या चिरडल्या. देठांच्या बेचक्यात दडलेले ढेकूण तेवढे वाचले आणि बघता बघता शेडभर पसरले. हॉटेलची मोठी ऑर्डर तोंडावर होती.

"हवे दवा छांटी दो," शेठ म्हणाला.

तेव्हापासून दर आठवड्याला शेडमध्ये औषधाची फवारणी होते. आईवर कोणी ओरडलं नाही, उलट हात साफ आहे म्हणून शेठने तिला ठेवून घेतलं. मला मॅनेजरचा राग येतो, शेठचा येतो, आईच्या त्या फडक्याचाही येतो.

"मन्हाच हातघाई मरनात त्या," आपण अळ्या मारल्या हे कळल्यावर एवढंच ती म्हणाली, आणि नाकाला पदर लावून रोज त्या वासात जाते. आता परतताना ती बोलत नाही. जिन्यात दोनदा बसते. मी शेजारी पिशवी धरून उभी राहते. काम सोड, असं म्हणायला तोंड उघडते आणि मिटते. माझ्या एकटीच्या पगारात घर चालत नाही, आणि मी म्हटलं तर ती खरंच सोडेल.