दुसऱ्यांचे संडास

गोव्यात, मांद्र्याच्या एका रिसॉर्टमध्ये मी काही वर्षं हाउसकीपिंगला होते. हाउसकीपिंग म्हणजे खोल्या झाडणं, चादरी बदलणं आणि संडास धुणं. पहिली दोन कामं सांगितली तर लोक मान डोलावतात. तिसरं सांगितलं की चहाचा कप जरा लांब धरतात. म्हणून मी आताशा तेच आधी सांगते.

माझं माहेर डिचोलीजवळच्या सर्वण गावचं, शेतकऱ्याचं घर. सासर पेडण्याजवळ. नवरा डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या तेव्हा मालकाने ट्रक विकला, नवरा सोप्यावर, ओसरीत बसून राहिला आणि मी कामाला बाहेर पडले. पाहुणे यायचे, विचारायचे, हे सध्या काय करतात? सासूबाई सांगायच्या, “बघतोय काहीतरी.” आणि माझ्याबद्दल? “ती जरा हातभार लावते.” तांदूळ, गॅस, विजेचं बिल, लेकीचं कॉलेज, सगळा भार माझ्या हातांवर, आणि त्याला म्हणायचं हातभार.

रिसॉर्टमध्ये खोलीगणिक एक संडास होता. पांढरा, चकचकीत, आत सुगंधी बाटली. माणूस सुट्टीवर आला की आपल्या लाजेलाही सुट्टी देतो, हे मी तिथे शिकले. बेसिनमध्ये रात्रीची ओकारी, कोपऱ्यात पोराचा डायपर, कमोडवर काय आणि खाली काय. घरी ही माणसं असं करत नसतील. इथे कुणीतरी बाई येऊन पुसणार आहे, हे त्यांना ठाऊक असायचं. पण तुम्हाला खरं सांगते, त्या घाणीची मला फारशी किळस नव्हती. हातमोजे घालायचे, श्वास धरायचा, पाणी ओतायचं. घाण वाहून जायची.

आम्हा बायकांना त्यातल्या एकाही संडासात जायची परवानगी नव्हती.

कामगारांसाठी म्हणून रसोईमागे एक संडास होता. सीझन सुरू झाला की त्यात बिअरचे क्रेट रचायचे. बारमधले आणि रसोईतले पुरुष कुंपणाच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, तिथली माती कायम ओली असायची. आम्ही काय करायचं हे कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी पाववाल्या पोदेराचा पाव कोरडाच खायचा, चहाचे दोन घोट, पाणी नाही. तरी दुपारपर्यंत पोट तटतटायचं. मग दोघी-तिघी मिळून मागच्या सुरूच्या झाडांत जायचो. पूर्वी तिथे केवणीच्या झुडपांचं दाट बन होतं म्हणे. आता इकडे शॅक, तिकडे कुणाचा तरी प्लॉट, मध्ये चार सुरू. धुवायला निघालेली चादर सोबत न्यायची. दोघी ती ताणून उभ्या राहायच्या, तिसरी बसायची. परक्यांच्या मळक्या चादरीची आमची अब्रू.

आमच्यात एक बांद्याची होती. नाव होतं, पण सगळे बांद्याची म्हणायचे. पहाटेची बस धरून हद्दीपलीकडून, महाराष्ट्रातून यायची. तिशीही उलटली नव्हती तिची. मला वयनी म्हणायची आणि कामाला वाघीण. एका दुपारी ती चादरीआड बसली होती, आणि वरून मधमाश्यांचं मोहोळ उठावं तसा आवाज आला. आम्ही वर पाहिलं. ड्रोन. कुणी गेस्ट किनाऱ्याचे फोटो काढत होता. तो वर थांबला, थोडा खाली आला, पुन्हा थांबला. बांद्याची तशीच उठून पळाली. तिची साडी भिजली होती. त्याच साडीत तिने संध्याकाळपर्यंत काम केलं.

मी सुपरवायझरला जाऊन सांगितलं. तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, “अगो, तेतूंत तोंड थोडाच दिसता?”

त्या दिवशी मला खरी किळस आली. ती पाण्याने जाईना.

बांद्याची पुन्हा झाडांत गेलीच नाही. पहाटे घर सोडल्यापासून संध्याकाळी घरी पोचेपर्यंत ती धरून ठेवायची. मी रागावले, विनवलं. ती म्हणायची, “ऱ्हवांदे गे वयनी, सवय झाली.” सवय कसली होते? थोड्या दिवसांनी तिच्या कमरेत कळा यायला लागल्या. मग अंगात ताप. एका सकाळी बाथरूम घासता घासता ती फरशीवर आडवी झाली. मी आणि दुसऱ्या एका बाईने तिला उचललं आणि रिक्षाने पेडण्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, स्वभावाने चांगल्या. तपासून म्हणाल्या, “लघवीचं इन्फेक्शन आहे, मूत्रपिंडापर्यंत गेलंय. पाणी अजिबात पीत नाही का तुम्ही?”

बांद्याची माझ्याकडे बघायला लागली.

मी म्हटलं, “कामावर जागा नाही ओ.”

“कसली जागा?”

“जायला.”

त्यांना कळायला एक क्षण लागला. मग त्या खाली मान घालून औषधं लिहायला लागल्या. “तरी पण पाणी भरपूर प्यायला सांगा,” एवढंच म्हणाल्या. दुसरं त्या काय म्हणणार होत्या?

दुसऱ्या दिवशी मी पात्रांवसमोर उभी राहिले. पात्रांव म्हणजे आमचे मालक. त्यांची बायको शेजारच्या खुर्चीत बसली होती. महिला दिन जवळ आला होता आणि त्या कार्यक्रमासाठी फुलांची ऑर्डर देत होत्या. मी म्हटलं, “पात्रांव, एक रिकामी खोली असते रोज. तिचं बाथरूम आम्हाला वापरू द्या. आम्हीच धुतो, आम्हीच स्वच्छ ठेवू.”

पात्रांवांनी नाक मुरडलं. “शी! गेस्टांच्या कमोडार तुमी बसतल्यो? कोणी पळयलें जाल्यार?” कुणी पाहिलं तर, म्हणे.

शी! या माणसाच्या स्वतःच्या ऑफिसचा संडास मी रोज धुत होते. त्याचं काय काय मी पाहिलं होतं, ते इथे लिहीत नाही. आणि त्याला माझी शी येत होती.

“मग रसोईमागचा तरी रिकामा करून द्या.”

“क्रेट खंय दवरू? तुमच्यो आवयो रानांतच वचत आशिल्ल्यो मगो?” म्हणजे आमच्या आया रानातच जायच्या, मग आम्हालाच काय झालं.

मी त्यांच्या बायकोकडे पाहिलं. वाटलं, बाई आहे, काहीतरी बोलेल. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “जरा सांभाळून घ्या ना सीझनपुरतं. प्रवासात मी सुद्धा पाणी कमीच पिते.” एवढं बोलून त्या पुन्हा फोनवर गुलाबांचा रंग सांगायला लागल्या. त्यांनाही सगळं ठाऊक होतं. न कळणाऱ्याचा राग येतो. कळून गुलाब निवडणाऱ्या माणसाची किळस येते.

महिला दिनाच्या सकाळी आम्हाला गुलाबी टी-शर्ट दिले. साडीवरून घालायचे. छातीवर इंग्रजीत काहीतरी होतं. माझ्या लेकीने नंतर वाचून सांगितलं, इथे सगळं बाईच चालवते, असा त्याचा अर्थ. संध्याकाळी लॉनवर भाषणं होती, बाहेरून बायका बोलावल्या होत्या, सगळ्या खोल्या भरलेल्या होत्या. टी-शर्ट घालून आमचा एक फोटो काढला. बांद्याची आजारपणातून उठून दोनच दिवसांपूर्वी आली होती, तीही त्यात उभी होती.

फोटो झाल्यावर आम्ही लाँड्रीपाशी जमलो. आधी काही ठरलेलं नव्हतं. बांद्याचीच बोलली. “वयनी, आज खोल्यो झाडूया. चादरी घालूया. संडासाक हात लावूचो नाय.”

आम्ही झाडू उचलले आणि कामाला लागलो.

अकरा वाजेपर्यंत गेस्टांच्या तक्रारींनी रिसेप्शनचा फोन थांबेनासा झाला. सुपरवायझर धावत आला, ओरडला, मग गोड बोलला. आम्ही चादरींच्या घड्या घालत होतो. मी म्हटलं, “जागा द्या, लगेच धुतो.” तो बारमधल्या वेटरांकडे आणि रसोईतल्या पुरुषांकडे गेला. आम्हाला तिथून ऐकू येत होतं. “डबल देतो,” तो म्हणाला. ते हसले. एकजण म्हणाला, “तें बायलांचें काम.” बिअरचे ग्लास धुणारे, माशांची पोटं साफ करणारे ते हात, पण कमोड म्हटला की एकदम पुरुषाचे झाले. शेवटी सुपरवायझर स्वतःच बालदी घेऊन कोपऱ्यातल्या खोलीत शिरला. थोड्या वेळाने बाहेर आला तो तोंडावर रुमाल धरून, आणि जास्वंदीच्या झाडाखाली ओकला.

आम्ही हसलो नाही. हसण्यासारखं नव्हतं ते. आम्ही दर दिवशी काय करतो, ते त्याला त्या एका खोलीत कळलं होतं, आणि कळल्यावर त्याने आमच्याकडे जास्तच तिरस्काराने पाहिलं.

दुपारी जेवणाच्या आधी क्रेट हलले. पात्रांव स्वतः उभे राहिले होते, पण आमच्याकडे बघत नव्हते. दाराला आतून नवी कडी बसवली. मग आम्ही जाऊन सगळ्या खोल्यांचे संडास धुतले, आणि संध्याकाळी लॉनवर टाळ्या वाजल्या. बायकांच्या कष्टांवर एका बाईंनी सुंदर भाषण केलं. ते ऐकताना माझ्या हातांना फिनेलचा वास येत होता.

आम्ही जिंकलो असं दोन-तीन दिवस वाटलं. मग त्या संडासाची चावी रिसेप्शनवर टांगली गेली. सगळ्या गेस्टांसमोर काउंटरवरच्या माणसाकडे जाऊन चावी मागायची, आणि त्याने ती मिस्कील हसत द्यायची. “परत?” असं तो विचारायचा. कुंपणाकडे जाणारे पुरुषही आता आत जायला लागले, आणि त्यांनी केलेली घाण आमच्याच वाट्याला आली. तरी आम्ही चावी मागत राहिलो. बांद्याची सर्वांत मोठ्याने मागायची. “चावी दी रे!” पूर्ण रिसेप्शनला ऐकू जाईल अशी. मला तिचं ते ओरडणं फार आवडायचं.

पावसाळ्यात रिसॉर्ट बंद झालं. पुढच्या सीझनला आमच्यापैकी कुणालाच फोन आला नाही. बांद्याचीला तिच्याच गावाकडे काजूच्या कारखान्यात काम मिळालं. मला पेडण्यात एका कॅन्टीनमध्ये भाजी चिरायचं काम लागलं. नवरा बरेच दिवस शेजाऱ्यांना सांगत होता, “संडासापायी नोकरी घालवली हिने.” मी त्याला एकदाच म्हटलं, “तू एक दिवस दार नसलेल्या घरात राहून बघ.” तो उठून सोप्यावर गेला.

गेल्या महिन्यात पेडण्याच्या मासळीबाजारात सुपरवायझर भेटला. जुनी ओळख असल्यासारखा बोलला. म्हणाला, आता रिसॉर्टात बायका ठेवत नाहीत, बाहेरच्या राज्यांतले पुरुष आणलेत. मी विचारलं, “आणि संडास कोण धुतं?”

“तेच. पण तांका तसा सांगून जमना. हाउसकीपिंग असोसिएट म्हणतात. युनिफॉर्म दिला.” मग जरा थांबून, मला बरं वाटावं म्हणून की काय, त्याने सांगितलं की त्यांना आमच्यापेक्षा बराच जास्त पगार आहे. राहायला खोली आहे, आणि खोलीला बाथरूम जोडलेलं.

“आमच्याकडे का नव्हतं?” मी विचारलं.

“दादले ते,” तो म्हणाला. “तांका नाका कसें म्हणप?”

पुरुष आहेत, त्यांना नाही कसं म्हणायचं! तो हे इतक्या सहज बोलला की त्यात काही वाईट आहे हे त्याच्या मनालाही शिवलं नसावं. समोर कोळीण बांगडे कापत होती. तिने मान वर करून आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आतडी बाजूला फेकली आणि सुरी पुसली.

“बाय, तुझे बांगडे,” ती म्हणाली.

मी पिशवी घेतली. सुपरवायझर अजून काही बोलत होता. मी त्याच्याकडे पाठ केली आणि बाजारातून बाहेर पडले.