आणि केळी?

माझ्या जळगावच्या घरात वरच्या खोलीत एक मुलगी भाड्याने राहायची. तिला आहारतज्ज्ञ व्हायचं होतं. पदवी झाली होती. आता मोठ्या दवाखान्यात प्रशिक्षण घ्यायचं आणि मग आपल्या गावी, चोपड्यात पाटी लावायची, असं तिने ठरवलेलं. आई फोनवर विचारायची, "जेवाले बी शिकनं पडस का?" ती हसायची आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ गॅलरीत उभी राहायची.

सराव माझ्यावर चालायचा. मला शुगर, त्यात घरात एकटा. संध्याकाळी जिना चढता चढता थांबून विचारायची, "आबा, आज काय काय खाल्लं?" मी भाकरी, वरण, भाजी सांगून मोकळा व्हायचो. मग मान तिरकी करून ती म्हणायची, "आणि केळी?" आमच्याकडची माणसं केळं खाण्यात धरतच नाहीत, हे केळीच्या बागायतदाराच्या या पोरीला पक्कं ठाऊक. खाल्लं म्हटलं, की तिथेच पायरीवर बसून मला बोलणी. नाही म्हटलं, की "शाब्बास" म्हणून सरळ वर.

धुळ्याच्या एका दवाखान्यात तिची निवड झाली. निघायच्या आदल्या संध्याकाळीही तिने तेच विचारलं.

"आणि केळी?"

"चार," मी म्हणालो.

तिने माझ्यामागे टेबलाकडे पाहिलं. सकाळी शेजारणीने दिलेली केळ्यांची फणी तिथे तशीच होती, एकही केळं तुटलेलं नव्हतं. ती हातातली पिशवी खाली ठेवून पायरीवर बसली आणि अंधार पडेपर्यंत मला रागावत राहिली.