नामदेवराव कॉलेज पाहायला जातात

शाळेच्या स्टाफरूममध्ये दोन गोष्टी कधी संपत नाहीत, खडूचा चुरा आणि किस्से. चुरा निदान झाडता तरी येतो!

पंच्याऐंशी सालाच्या आसपास शेलूबाजारच्या आमच्या शाळेत एकच विषय चालू होता. शिपाई नामदेवरावांची शांता बी.ए. झाली होती आणि तिला मास्तरीणच व्हायचं होतं. सरकारी बी.एड. कॉलेजात नंबर लागला नाही. खासगीत लागला, पण डोनेशन असं, की घरची बैलजोडी विकावी लागणार. शाळेचं पाणीही त्याच जोडीच्या गाडीतून यायचं. काय करावं, हे नामदेवराव ज्याला त्याला विचारत सुटले.

*

पहिला नंबर माझा.

"सर, तुमाले शिकाले किती लागले?"

"काही नाही हो. घरी बसून परीक्षा दिल्या."

"अन् राठोड सर महागाचं शिकले. पगार कोणाले जास्त?"

"सारखाच!"

"मंग महागाचं काहून घेतात लोक?"

तेवढ्यात तास संपला. घंटा वाजवायला नामदेवरावांनाच उठावं लागलं, म्हणून मी वाचलो.

*

राठोड सरांचा पुतण्या डोनेशनवाल्या इंजिनिअरिंगला होता. सरांनी पोहरादेवीला नवसही बोलला होता. पोरगा पास झाला!

सर नारळ घेऊन स्टाफरूममध्ये आले आणि डोकं धरून बसले. "आता हा फोडू कोणापुढं? देवीपुढं का कॉलेजच्या सेक्रेटरीपुढं?"

*

शाळेसमोर रहीमचाचांचं शिलाईचं दुकान. असाच डोनेशन भरून शिकायला गेलेला एक मोठ्या घरचा मुलगा सुट्टीत कोट शिवायला आला. नामदेवरावांनी मुद्दाम जाऊन विचारलं, "चाचा, काही फरक पडला का पोरात?"

चाचा टेप गुंडाळत म्हणाले, "तालीम-पढ़ाई का मेरे को नहीं मालूम. कमर तीन इंच बढ़ गई!"

*

हेडसरांनी प्रार्थनेच्या वेळी तासभर ठणकावून सांगितलं, "शिक्षण विकत मिळत नाही!" दुपारी स्वतःच्या जावयाच्या प्रवेशासाठी, शांताचा नंबर लागला त्याच कॉलेजच्या सेक्रेटरीला चिठ्ठी लिहिली.

नामदेवरावांनी विचारलं, तर म्हणाले, "सकाळचं मुलांसाठी होतं!"

*

शेवटी नामदेवराव एसटीनं स्वतःच कॉलेज पाहून आले. सेक्रेटरीनं इमारत दाखवली, फाटक दाखवलं, बाग दाखवली. नामदेवराव म्हणाले, "साहेब, गोठा पाहून बैल घेत नाही आमी. इथून निघालेला एखादा माणूस दाखवा!"

सेक्रेटरीनं पावत्या फाडत बसलेल्या क्लार्ककडे बोट केलं. "हे आमचेच. बी.एड., फर्स्ट क्लास!"

नामदेवराव बघतच राहिले. इतक्यात तो क्लार्क उठला, त्यानं घंटा वाजवली, खडू घेतला आणि वर्गात जाऊन शिकवू लागला! नामदेवराव अख्खा तास खिडकीशी उभे.

"कसा शिकवतो?" ते परत आल्यावर स्टाफरूममध्ये मी विचारलं.

"बेस शिकवते जी." मग म्हणाले, "पण सर, तोच पावत्या फाडते, तोच शिकवते, घंटा बी तोच वाजवते. मंग लोकायचे पैसे जातात कुठं?"

आम्ही चार पदवीधर घाईघाईनं वह्या तपासू लागलो. मला तर माझीच लाज वाटली.

"मग शांताचं काय ठरवलं?"

त्यांनी कपबश्या गोळा केल्या आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी शाळेचं पाणी गाडीतून नाही, कावडीनं आलं.