सुनंदाच्या मुठीतलं वाकणारं पेन

"त्रास नेमका किती वाजता सुरू झाला?" डॉक्टरांनी विचारलं.

मी म्हणालो, "दहा-साडेदहाला."

ते खोटं होतं. माझी बायको सुनंदा स्ट्रेचरवर होती. तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा हात लुळा.

"नीट आठवा," डॉक्टर म्हणाले. "रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत देतात. वेळ चुकली तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो."

तेव्हा मी खरं सांगितलं. सकाळी सात. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजला होता. इस्केमिक स्ट्रोक, म्हणजे मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होणं. इंजेक्शनची वेळ टळून गेली होती.

तो गणेश चवथीचा दिवस होता. गोव्यातल्या कोरगावात आमच्या घरी सकाळी सुनंदा नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, कडा मुरडत होती. हातातली नेवरी खाली पडली. ती काहीतरी बोलली, ते मला कळलं नाही. वाटलं, उपवास आहे, जागरण झालंय. तेल चोळलं, आडवं केलं.

भटजी वाड्यावर एकेक घर करत येतात. आपली पाळी चुकली तर गणपती दुपारपर्यंत पूजेवाचून राहणार. भाई, माझा मोठा भाऊ, म्हणाला, "गाडी काढूया मरे." मीच म्हणालो, "भटजी येऊन जाऊंदेत." भटजींना कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर त्यांनीच आम्हाला गाडीत बसवलं असतं.

हे लिहितोय ते तुमच्यासाठी. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळलेलं, यातलं एक जरी दिसलं तरी घड्याळ बघा आणि निघा. देव थांबतो.

वॉर्डात आम्ही बारा दिवस होतो. तिसऱ्या दिवशी आणखी एक शब्द शिकलो, अफेझिया. शब्द डोक्यात असतात, पण तोंडापर्यंत पोचत नाहीत. डॉक्टर म्हणाले, "त्यांना सगळं समजतं. त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी बोलू नका, त्यांच्याशी बोला."

सुनंदा अंगणवाडी सेविका. वीस-पंचवीस पोरांना एका हाकेत गप्प करणारी बाई आता नुसती बघायची. मी तिच्या नजरेला नजर देत नव्हतो.

घरी आल्यावर थेरपिस्टबाईंनी टॅबवर चित्रांचा फळा टाकून दिला. पाणी, चहा, दुखतं, हो, नाही. चित्राला बोट लावलं की टॅब तो शब्द बोलायचा. डाव्या बोटाने तिला जमायचं. पण बाई म्हणाल्या, "उजवा हात वापरला नाही तर मेंदू त्याला विसरतो. रोज अर्धा तास उजव्याने."

उजवा हात तोवर आवळून मूठ झाला होता. याला स्पास्टिसिटी म्हणतात, स्नायू आपोआप ताठ होणं. बाजारातलं टचस्क्रीनचं पेन त्या मुठीतून निसटायचं. राहिलंच तर मनगट आत वळल्यामुळे टोक तिच्याच छातीकडे यायचं.

मी डिचोलीच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे. म्हटलं, हे तरी मी करू शकतो. तळहाताभोवती गुंडाळता येईल आणि टोक हवं तिकडे वळवता येईल, असं पेन हवं.

पहिलं ॲल्युमिनियमच्या तारेचं केलं, ते चार दिवसांत वाकवून वाकवून तुटलं. दुसरं बारीक तारांच्या केबलचं, ते वाकवलेलं राहीचना. भाई म्हणाला, "एवढी मशिनां चालू करतोस, आणि एक पेन्सिल करूंक जायना तुका?"

तिसऱ्याला जाड, मऊ तांब्याची तार घेतली. टोकाला काळा फोम लावला, ज्यात इलेक्ट्रॉनिक सुटे भाग खोचून येतात तो. त्यातून वीज जाते. टचस्क्रीनला दाब कळत नाही, अंगाशी जोडलेली वाहक वस्तू कळते. मी स्वतः करून बघितलं. चाललं. मग तारेवर स्पंजची नळी चढवली, वरून टेप गुंडाळली आणि तिच्या हातात दिलं.

काहीच उमटेना. तिने पुन्हा टेकवलं. पुन्हा काही नाही.

"जरा जोर लाव गो," मी म्हणालो. आठवडाभर रोज हेच म्हणत राहिलो. एकदा तर ओरडलो, "तू मनावरच घेत नाहीस!"

तिने डाव्या हाताने पेन ओढून काढलं. वाटलं, फेकणार. तिने दातांनी टेप फाडली, स्पंज मागे सारला आणि उघड्या तारेवर माझं बोट दाबून धरलं. टोक स्क्रीनवर टेकवलं. टॅब बोलला, "पाणी."

सत्तावीस वर्षांची सवय. उघडी तार ठेवायची नाही. तिच्या हातापासून तार मीच तोडली होती, आणि दोष तिच्या हाताला देत होतो. चवथीला उपवासाला दिला होता, तसाच.

जिथे तिचा तळहात टेकतो तिथली टेप मी कापून टाकली. पेन तिच्या मुठीत बसवलं आणि जे वॉर्डात विचारायला हवं होतं ते आता विचारलं. "सुनंदा, त्या दिवशी मी थांबलो, त्याचा राग आहे?"

टोक चित्रांवरून सरकत गेलं आणि थांबलं.

"हो," टॅब बोलला.

मी टेबलावर डोकं टेकून रडलो. माझ्याच्याने वर बघवेना. थोड्या वेळाने टॅब पुन्हा बोलला. "पाणी." मी डोळे पुसून तांब्या-भांडं आणलं. तिने नाही म्हणून मान हलवली आणि भांडं डाव्या हाताने माझ्याकडे सरकवलं.

आता सव्वा वर्ष झालं. ती पंधरा-वीस शब्द बोलते, त्यातले निम्मे मला रागावण्याचे. सकाळी हात जास्त आवळलेला असतो, दुपारी सैल होतो, तसं ती पेन स्वतः वाकवून घेते. थेरपिस्टबाईंनी त्यांच्या आणखी दोन रुग्णांसाठी करून मागितलं, ते दिलं. प्रत्येकाची मूठ आधी बघून आलो, मग तार कापली.

या चवथीला भटजी पूजा सांगत असतानाच सुनंदाने उंबऱ्याजवळ वाकून हात टेकला. मी पूजेतून तडक उठलो, गाडीची चावी घेतली, घड्याळ बघितलं.

तिने मला खालून वर न्याहाळलं आणि सरळ, सबंध, कुठेही न अडखळता म्हणाली, "चप्पल शोधतेय."