सर्व्हरच्या नोंदींतली हरवलेली सकाळ

सोमवार. सर्व्हरच्या खोलीत हजर: मी, संगणक सांभाळणारा नितीन आणि दारात झाडू घेऊन सुमनमावशी. सकाळी सर्व्हर बंद पडला, तेव्हा साहेब सगळ्यांसमोर मावशींवर ओरडले होते, "झाडताना प्लग तुम्हीच काढलात."

नितीनने सर्व्हरच्या नोंदींत सकाळची वेळ टाकून शोधलं. काहीच नाही. पुन्हा शोधलं, पुन्हा रिकामं.

"घ्या, यंत्रपण माझ्यावरच उठलंय," मावशी म्हणाल्या.

वैतागून मी त्याला फिल्टरच काढायला लावला आणि सगळी यादी ओळीओळीने वाचली. नोंद समोरच होती: अपडेटसाठी सर्व्हर स्वतःहून बंद झाला होता. पडद्यावर वेळ आपली दिसते, शोध मात्र लंडनच्या घड्याळाने चालतो म्हणे. मग तसं तिथे लिहायला काय होतं?

घरी, ऑफिसात माझं सगळं चाळून, निवडून ठेवलेलं असतं. पण चाळणीतून काही पडलं नाही, की धान्यच नव्हतं असं आपण किती सहज धरून चालतो.

"साहेबांना सांगाल ना? सगळ्यांसमोर?" जाताना मावशींनी विचारलं.

साहेब दिवसभर मीटिंगमध्ये होते, तिथूनच घरी गेले. आजच्या कामांपैकी तेवढंच राहिलंय.