चारनंतरचं पाणी

आधी एक सांगतो, मला 'आदर्श पती' म्हणू नका. म्हटलंत तर तळपायाची आग मस्तकात जाते माझ्या. गेलं वर्षभर हेच ऐकतोय — भाजीला गेलो तरी तेच, औषधं आणायला गेलो तरी तेच. "काका, किती करता हो काकूंचं!" काय करतो? तुम्ही बघायला आला होतात? मी जे केलं ते ना मुलीला ठाऊक, ना डॉक्टरला, ना सख्ख्या भावाला. ठाऊक आहे दोघांनाच — मला, आणि जिला केलं तिला. ती कधी बोलायची नाही. म्हणून मीच बोलतोय, आणि तुमच्याजवळ बोलतोय, कारण तुम्ही मला शाल घातलेली नाही.

मी पंचवटीत राहतो. वय एकाहत्तर. सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली, व्हॉल्व्हमन म्हणून. लोक चावीवाला म्हणायचे. पहाटे लांबलचक लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघायचं, रस्त्यातलं झाकण उघडायचं, चावी फिरवली की त्या गल्लीला पाणी. वेळ झाली की बंद. बायका हंडे घेऊन ओरडायच्या, "दादा, पाच मिनिटं ठेवा ना!" मी ऐकायचो नाही. वेळ म्हणजे वेळ. आणि कुठे गळती लागली, तर पहिलं काम काय? खणणं नंतर, जोड बघणं नंतर — आधी वरचा व्हॉल्व्ह बंद. उभा जन्म हेच केलं. हाताला दुसरं काही माहीतच नव्हतं.

माझी बायको सुमन. पाच वर्षांपूर्वी तिला झटका आला, उजवी बाजू गेली. हळूहळू सावरली. धरून चालायला लागली, बोलायला लागली — सावकाश, शब्द शोधत — पण डोकं लख्ख. माझ्यापेक्षा लख्ख. एकच गोष्ट सावरली नाही. लघवीवरचा ताबा. दिवसा जमायचं, मी वेळेवर बाथरूमला न्यायचो. रात्री नाही जमायचं. सकाळी अंथरूण ओलं.

बघा, आता कसं सरळ सांगितलं. तेव्हा आमच्या घरात हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं. मुलगी वर्षा, देवळ्याला दिलेली — ती फोनवर विचारायची, "बाबा, आईचं 'ते' कसं आहे?" 'ते'! मेडिकलवाला डायपरचं पाकीट आधी वर्तमानपत्रात गुंडाळायचा, मग काळ्या पिशवीत कोंबायचा, आणि इकडेतिकडे बघून असं हातात द्यायचा, जसा काही मी दारूच नेतोय. अरे, म्हातारपण आहे, चोरी आहे का? का लाज वाटावी माणसाला? पण मीही पिशवी छातीशी धरून, मान खाली घालून घरी यायचो. खोटं कशाला बोलू.

साइझ कोणता, हे मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. मी आपला सगळ्यात मोठा घेतला. मोठं ते चांगलं! आणि सुमन चिमणीएवढी. मांडीपाशी दोन-दोन बोटं फट राहायची, सगळं कडेनं बाहेर. मग एकावर एक दोन बांधले. आतल्याला मागून प्लास्टिक — तो भरला की बाहेरच्यात थेंब जात नाही, बाजूनं गादीत उतरतं. पाण्याच्या खात्यात जन्म काढलेला माणूस मी, आणि मला हे कळलं नाही. कपाळ माझं! मग मेणकापड आलं, त्यावर जुन्या साड्यांच्या घड्या, त्यावर गोधडी. गोधडी भिजली की वाळायला दोन दिवस. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलंच, रोज कशा चादरी धुता हो? मी म्हणालो, मला धूळ चालत नाही.

कंबर धरायची. झोप व्हायची नाही. हे मी सहानुभूतीसाठी सांगत नाहीये, ती तुमच्याजवळच ठेवा. राग कसा साठत गेला ते सांगतोय. राग यायचा — कुणाचा? मेडिकलवाल्याचा नाही, झटक्याचा नाही. तिचा. पडल्या पडल्या "अहो, सॉरी हं" म्हणायची, त्याचा तर जास्तच.

आणि मग — थांबा, सांगतो. इथवर आलोय तर सांगतोच.

सुमनच्या उशाशी कायम तांब्या-भांडं असायचं. लग्न होऊन आली तेव्हापासून. तिला सारखं घोट-घोट पाणी लागतं, बोलतानासुद्धा. तीन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. दुपारी चारचा चहा झाला. मी कप उचलले, आणि त्यांच्याबरोबर तिच्या उशाचा तांब्याही उचलला. नेऊन ओट्यावर ठेवला — तिचा हात पोचणार नाही असा. म्हणालो, आता सकाळी.

कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. डॉक्टरनं नाही, शेजाऱ्यांनी नाही. माझंच डोकं. गळती आहे ना? वरचा व्हॉल्व्ह बंद.

पहिले काही दिवस तिनं मागितलं. "अहो, घोटभर." मी म्हणायचो, चादर कोण धुणार, तुझा बाप? हो, असंच म्हणायचो. तिचे वडील जाऊन वीस वर्षं झालेली. रात्रीच्या जेवणातलं ताक बंद केलं — ताक म्हणजे पाणीच की! आमटी बंद. भाकरी आणि सुकी भाजी. वर्षानं द्राक्षं पाठवली होती, सुमनला द्राक्षं म्हणजे जीव. चारनंतर एक मणी दिला नाही. तिच्यासमोर मी खाल्ली. मला साखर नाही, पथ्य नाही, मी का खाऊ नयेत?

उन्हाळा होता. पत्रा तापून घर भट्टी व्हायचं.

अजून मुद्द्याचं पुढेच आहे. जेवण झालं की तिला चूळ भरायला भांडं द्यायचो, आणि समोर उभा राहायचो. कशाला? गिळत तर नाही ना, ते बघायला. बेचाळीस वर्षं संसार केलेला माणूस बायकोच्या गळ्याकडे बघत उभा! आणि एकदा तिनं गिळलं. घाटी हलली, मी पाहिलं. तिनंही पाहिलं की मी पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून चूळ बंद — ओलं फडकं देऊ लागलो, तोंड पुसायला. घट्ट पिळून.

तेव्हापासून तिनं पाणी मागायचं सोडलं. मला वाटलं, सवय झाली. बरं झालं, वाटलं.

आणि चादर? ती तरी कोरडी राहिली असेल, नाही का? चार-पाच दिवस राहिली. मग पुन्हा ओली, आणि आता वास असा उग्र की डोळ्यांत पाणी यावं. मी काय केलं? चारचे साडेतीन केले.

दोन महिने हे चाललं. मग एका सकाळी ती तापानं फणफणली. मला ओळखेना. मला दादा म्हणाली — "दादा, पाणी सोडा ना." मी घाबरलो. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, ॲडमिट केलं. लघवीचा संसर्ग, अंगातलं पाणी आटलेलं. सलाइन लावलं. दुसऱ्या दिवशी ती शुद्धीवर आली, वर्षाही देवळ्याहून धावत आली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आजी पाणी किती पितात?

वेळ होती. तोंड उघडायला तेवढी एकच वेळ होती. मी काय म्हणालो असेन?

"पीतच नाही हो! भारी हट्टी आहे. मी मागे लागून लागून दमलो."

चोर तो चोर, वर शिरजोर. सुमन जागी होती, सगळं ऐकत होती. डॉक्टरीणबाई तिच्याकडे वळून जरा जोरात म्हणाल्या, काय हो आजी, असं करतात का? मला वाटलं, आता सांगणार ही. सांगायलाच हवं होतं तिनं! ओठ फुटलेले, जीभ कोरडी. तिनं शब्द शोधला आणि म्हणाली, "मला... तहानच लागत नाही."

वर्षा तिच्यावर काय चिडली! "आई, बाबा तुझ्यासाठी जिवाचं रान करतात, आणि तुला साधं पाणी प्यायला नको?" मी खुर्चीवर बसून मोसंबं सोलत होतो. सोलतच राहिलो.

दोन दिवसांनी तिथल्या एका सिस्टरनं मला बाजूला बसवून नीट समजावलं. सटाण्याकडची पोरगी, आवाज खणखणीत, 'ते'बिते नाही — लघवीला लघवी म्हणणारी. म्हणाली, बाबा, रात्रीची गळती पाणी तोडून थांबत नाही, उलट वाढते. पाणी कमी पडलं की लघवी कडक होते, पिशवीला टोचते, मग ती जास्तच धरत नाही. दिवसभर भरपूर प्यायला द्या, जेवणाबरोबर द्या, झोपायच्या दोन तास आधीपासून फक्त घोट-घोट. संध्याकाळचा चहा नको. झोपताना बाथरूमला न्या. तिनं टेप घेऊन सुमनची कंबर मोजली. लहान साइझ! एकच, रात्रीचा, नीट बसणारा, कडेची झालर बाहेर ओढून घेतलेली. खाली धुता येणारं शोषणारं बेडशीट. झालं. मी "असं होय, असं होय" करत मान डोलावत होतो. जसं काही मला फक्त माहिती नव्हती.

आणि खरंच, घरी आल्यावर तीन आठवड्यांत चादर कोरडी राहायला लागली. महिन्यातून एखाद्या वेळी भिजायची, बस. एवढंच होतं? एका टेपाचं आणि एका प्रश्नाचं काम? मग मेडिकलवाल्या, तुला कंठ फुटत नव्हता का? आणि मला? मी विचारलं असतं तर जीभ झडली असती का माझी? सगळ्या जगाला शिव्या घालून झाल्या की शेवटी मीच उरतो. पण ध्यानात घ्या — साइझ माहीत नसणं ही चूक. चूळ भरणाऱ्या बायकोच्या गळ्यावर नजर ठेवणं, ही चूक नव्हे. त्याला दुसरं नाव आहे.

त्यानंतर तिला पाण्याचा तुटवडा पडू दिला नाही. तांब्या उशाशी ठेवला, पण तिला तो उचलायलासुद्धा लावला नाही. मीच भांडं भरून हातात द्यायचो. सकाळी, दुपारी, जेवताना. ती प्यायची. दोन वर्षं अशीच गेली. मला वाटलं, मिटलं. तिनं विषय काढला नाही, मी काढला नाही. माफीबिफी काही मागितली नाही.

मग गेल्या वर्षी आमच्या भागातल्या ज्येष्ठांच्या मंडळानं माझा सत्कार ठरवला. कुणी सुचवलं? वर्षानंच. बाबांनी आईसाठी काय काय केलं, ते तिनं पत्र लिहून कळवलं. मी नाही म्हणू शकत होतो. म्हणालो नाही. उलट सदऱ्याला इस्त्री करून घेतली. खरं सांगू? आवडलं मला.

संध्याकाळी साडेपाचचा कार्यक्रम. सुमनला पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवलं होतं, नवी साडी, वर्षानं गजरा घातलेला. अध्यक्ष बोलले, पत्नीसेवेचा आदर्श, आजकालच्या पोरांनी शिकावं, वगैरे. मला शाल घातली, नारळ दिला, फोटो काढले. टाळ्या वाजल्या. उकाडा मरणाचा, म्हणून मंडळाच्या एक बाई पहिल्या रांगेतल्यांना पाणी देत होत्या. त्यांनी सुमनच्या हातात ग्लास दिला.

सुमननं तो डाव्या हातानं नीट धरला. ओठांपर्यंत नेला. आणि तिथंच थांबवला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मी स्टेजवर. ती खाली. ग्लास ओठांपाशी. ती बघतच राहिली.

अध्यक्षांच्या पत्नी माइकजवळच होत्या. त्यांनी ते पाहिलं आणि कौतुकानं हसून म्हणाल्या, "अगं बाई, बघा तरी! काकांना विचारल्याशिवाय पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीत! याला म्हणतात जोडा!"

आख्खा हॉल टाळ्या वाजवत होता. वर्षा डोळे पुसत होती. आणि मी — अंगावर शाल, हातात नारळ — मी काय केलं? खाली उतरलो नाही. माइक घेतला नाही. तिच्याकडे बघून मान हलवली. पी, म्हणून.

मग ती प्यायली.